ओल्या ट्रॅकवर फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी: पुढच्या चाकांना एका वेळी एकच काम द्या

पावसात फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घेऊन ट्रॅकवर उतरणाऱ्याला पहिली भीती वाटते ती गाडी वळणार नाही, नाक सरळ पुढे जाईल याची. तसं होतंही. पण नाक सरळ जातं तेव्हा गाडी आधी सूचना देते, वेग आपोआप पडत जातो आणि सावरायला वेळ मिळतो. गाडी गर्रकन फिरून गवतात जाते ती मागून. मागची चाकं थंड असतात, त्यांच्यावर वजन कमी असतं आणि सुटण्याआधी ती फारसं काही कळू देत नाहीत. म्हणून ओल्यात दोन गोष्टी सांभाळायच्या: पुढच्या टायरांवर एका वेळी एकाहून जास्त कामं टाकायची नाहीत, आणि मागची चाकं कधीही अचानक हलकी करायची नाहीत. पुढचं सगळं याच दोन गोष्टींचा तपशील आहे.

भारतात हौशी लोक ट्रॅकवर नेतात त्या गाड्या बहुतेक याच जातीच्या: पोलो, स्विफ्ट, सिटी, इटिऑस. पुण्या-मुंबईचे किंवा कोल्हापूरचे लोक चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर जातात, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडे पावसाळा संपला म्हणून निर्धास्त निघालेला माणूस तिथे भर पावसात सापडतो. त्यामुळे ओल्याची तयारी घरूनच करून न्यावी.

आधी आकडे

या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्यामुळे उभ्या गाडीचं साधारण ६० ते ६५ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. गाडी ओढणं, वळवणं आणि ब्रेकिंगचा मोठा हिस्सा, तिन्ही कामं त्याच दोन टायरांची. कोरड्यात टायरकडे शिल्लक पकड असते, म्हणून ब्रेक मारता मारता वळवलं तरी चालून जातं. ओल्यात ती शिल्लक नसते.

किती फरक पडतो ते एका उदाहरणावरून पाहा. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक १ धरला, तर चांगल्या ओल्या पृष्ठभागावर तो ०.६५च्या आसपास धरायला हरकत नाही. कोरड्यात ७० किमी वेगाने घेता येणारा कॉर्नर मग ओल्यात ५६ किमीने घ्यावा लागतो. १५० वरून ७० वर यायला कोरड्यात साधारण ७० मीटर लागतात. ओल्यात १५० वरून ५६ वर यायचं, तेही कमी पकडीवर, म्हणून जवळपास ११७ मीटर लागतात. कोरड्यात कॉर्नरआधीच्या १०० मीटरच्या पाटीनंतर ब्रेक मारणाऱ्याने ओल्यात त्या पाटीच्या बऱ्याच आधी पाय ठेवला पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांत तर १५० मीटरची पाटी धरा, मग थोडं थोडं पुढे सरका.

टायर आणि हवा

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. टायरची नक्षी १.६ मिमी उरली तरी रस्त्यावर कायद्याने चालते, पण ट्रॅकवरच्या पाण्यासाठी निदान ४ मिमी हवी. कोरड्यात राजा असलेला, मोजक्या खाचांचा सेमी-स्लिक टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो. त्यापेक्षा साधा, चांगल्या नक्षीचा रोड टायर कितीतरी भरवशाचा.

चारही टायर सारखेच नसतील तर जास्त नक्षीची जोडी मागे घाला. पुष्कळांना हे उलटं वाटतं, कारण काम पुढचे टायर करतात. पण पुढचे पाण्यावर तरंगले तर थोडी रेस सोडून ते परत जमिनीला लागतात. मागचे तरंगले तर तुम्हाला काही करायला वेळच उरत नाही.

हवेचा हिशेब असा. कोरड्यात रोड टायर तापून ६ ते ८ पीएसआय चढतो. म्हणून लोक थंड टायरात २८ भरून ३५-३६ वर पोचतात. ओल्यात पाणी टायरला सतत थंड ठेवतं आणि दाब जेमतेम २-३ पीएसआय चढतो. कोरड्याचाच २८ ठेवून गेलात तर टायर ३० वरच राहतो, मधून दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. थंडच ३२-३३ भरा. पाणी साचलेलं दिसत असेल तर आणखी १-२ वाढवा. नासाच्या १९६०च्या दशकातल्या प्रयोगांतून निघालेलं एक सूत्र आहे: टायर पाण्यावर पूर्ण तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यानुसार २८ पीएसआयला हा वेग सुमारे ८८ किमी येतो आणि ३६ला सुमारे १००. हे सूत्र मुळात विमानाच्या टायरांचं आहे, गाडीच्या टायरला नक्षी आणि रुंदीप्रमाणे आकडा बदलतो. पण हवा कमी केली की पकड वाढते हा समज साचलेल्या पाण्यात उलटा पडतो, एवढं त्यातून नीट कळतं.

मागच्या टायरांबद्दल एक सवय मात्र सोडा. कोरड्यात गाडी वळायला सोपी जावी म्हणून मागे पुढच्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरण्याची पद्धत आहे. तो जास्तीचा दाब मागची पकड मुद्दाम कमी करण्यासाठी असतो. ओल्यात ही युक्ती तुमच्यावरच उलटते. मागे-पुढे दाब सारखा ठेवा.

सस्पेन्शन आणि ब्रेक, बदलता येत असतील तर

मूळ रोड कार असेल तर या भागातलं ईएसपीबद्दलचं (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) तेवढं वाचा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल. ट्रॅकसाठी बांधलेली गाडी असेल तर सगळ्यात आधी मागचा अँटी-रोल बार (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) सैल करा किंवा एका बाजूची लिंक काढून टाका. कोरड्यासाठी मागून कडक केलेली गाडी ओल्यात फिरकी घेते याचं हे सर्वांत मोठं कारण. डँपर अॅडजस्टेबल असतील तर चारही चाकांना दोन-तीन क्लिक मऊ करा. अलाइनमेंटमध्ये मागच्या चाकांना टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) दिला असेल तर तो काढा, किंचित टो-इन (टोकं आत वळलेली) चांगला. कँबर (चाकाचा उभा कल) सकाळी घाईघाईत बदलण्यात अर्थ नाही.

ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) हाताने बदलता येत असेल तर ओल्यात तो थोडा मागे नेतात, कारण ब्रेकिंग हलकं असल्यामुळे वजन पुढे कमी झुकतं. पण एका वेळी एकच पायरी, आणि दर वेळी सरळ रस्त्यावर करून पाहा. मागची चाकं लॉक होण्यापेक्षा पुढची थोडी आधी लॉक झालेली बरी. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे काम गाडीच करते, हात लावू नका.

ईएसपी पहिली दोन सेशन चालूच ठेवा. डॅशवरचा दिवा कुठल्या कॉर्नरला लुकलुकतो ते लक्षात ठेवा. दर फेरीला एकाच ठिकाणी लुकलुकत असेल तर तिथे तुमचा हात किंवा पाय घाई करतोय. या दिव्याइतका प्रामाणिक गुरू पिटमध्ये दुसरा मिळणार नाही.

काच, बूट आणि बारीकसारीक

ओल्यात पुष्कळांचं सेशन काचेवर धरलेल्या वाफेने वाया जातं. बंद गाडी, भिजलेले कपडे आणि हेल्मेटमधला श्वास यांनी दोन मिनिटांत समोरचं काही दिसेनासं होतं. काच आतून आधी कोरडी पुसा, मग शेव्हिंग फोमचा पातळ हात देऊन स्वच्छ फडक्याने चकचकीत करा. एसी चालू, हवा समोरच्या काचेवर, बाहेरची हवा आत येऊ द्या. एसीने जाणाऱ्या ताकदीची काळजी ओल्यात करू नका, ती तुम्हाला वापरताच येत नाही. वायपरचं रबर नवं असावं.

बुटांचे तळवे ही अगदी क्षुल्लक वाटणारी पण घातक गोष्ट. ओला तळवा ब्रेक पेडलवरून सटकतो तो नेमका जोरात दाबताना. पिटमधून गाडीपर्यंत बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून जा, सीटवर बसल्यावर पाय बाहेर ठेवूनच पिशव्या काढा, तळवे फडक्याने पुसा आणि मग पाय आत घ्या. पेडलही पुसा. गाडीत सुटी फ्लोअर मॅट ठेवू नका.

इंजिनची हवा आत घेणारा पाइप बंपरपाशी खाली आणलेला असेल (फिल्टर बदललेल्या गाड्यांत असं पुष्कळदा असतं) तर तो वर घ्या किंवा मूळचा डबा परत बसवा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

पहिल्या दोन फेऱ्या

कोरड्यातही फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीचे मागचे टायर उशिरा तापतात, कारण त्यांना ओढण्याचं काम नसतं आणि ब्रेकिंगचंही थोडंच. ओल्यात पुढचे टायर दोन फेऱ्यांत बऱ्यापैकी कामाला लागतात, मागचे मात्र चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत थंडच राहतात. धोका नेमका या मधल्या काळात आहे. पुढून पकड आली म्हणून तुम्ही वेगाने वळवता, नाक आज्ञाधारकपणे आत येतं आणि मागचा भाग तसाच पुढे निघून जातो. म्हणून वेग किती वाढवायचा हे पुढच्या टायरांवरून ठरवू नका.

या फेऱ्यांत तीन गोष्टी शोधून ठेवा. पाणी कुठे साचलंय. पाण्याचा ओहोळ ट्रॅक ओलांडून कुठे वाहतोय. आणि जुन्या डांबरावर नवं डांबर किंवा काँक्रीटचा तुकडा कुठे आहे. प्रत्येक जागी पकड वेगळी असते. सरळ रस्त्यावर ब्रेक हलकेच घासून डिस्क कोरड्या करा. ओल्या डिस्कवर पहिला पाव सेकंद ब्रेक काहीच करत नाही, आणि घाबरलेला पाय त्या वेळात जास्त दाबतो.

मार्शलकडे लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा दिसला तर पुढे पृष्ठभाग निसरडा आहे. ओल्यात हा झेंडा दिसतो तिथे बहुधा तेल किंवा नवं पाणी असतं. तिथे ब्रेक पाटीआधी ५० मीटर.

लाइन: रबराच्या बाहेर

कोरड्यात सगळ्यांनी जिथून गाड्या नेल्या ती लाइन रबर बसून गुळगुळीत झालेली असते. कोरड्यात तीच पकड देते, ओलं झालं की तीच काचेसारखी होते. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली १०-१५ मिनिटं सर्वांत वाईट: धूळ, रबराचे कण आणि तेल पाण्यात मिसळून वर येतं. जोराच्या पावसाने ते धुऊन गेल्यावर पकड थोडी सुधारते.

म्हणून नेहमीची लाइन सोडा. ब्रेक मारताना रबराच्या पट्ट्यापासून गाडीभर आत या आणि खरखरीत डांबरावर ब्रेक लावा. मग कॉर्नरच्या बाहेरच्या बाजूने, रबर जिथे कधी पोचलंच नाही तिथून फिरा. वळण उशिरा आणि आवळून पूर्ण करा, रबराचा पट्टा शक्य तितका आडवा आणि गाडी सरळ असताना ओलांडा. अपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते ती जागा) नेहमीपेक्षा कितीतरी पुढे येतो आणि पुष्कळदा त्याला चाक लावायचंच नसतं. कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या काठाच्या) रंगावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर चारपैकी एकही टायर नको. पुढचं आतलं चाक रंगावर गेलं तर ते नुसतं फिरतं. मागचं गेलं तर बाकीचं सांगायला नको.

ही लाइन लांब पडते. तरीही ती वेगवान ठरते, कारण शेवटी गाडी सरळ होते तेव्हा रेस लवकर देता येते.

ब्रेक

गाडी सरळ, चाकं सरळ, मग ब्रेक. पेडल एकदम न मारता अर्ध्या सेकंदात दाब चढवत न्या, म्हणजे वजन पुढे बसतं आणि टायरला जोर झेलायला वेळ मिळतो. एबीएस थरथरलं तर दाब थोडा कमी करा. सतत एबीएसवर टेकून थांबणं ओल्यात लांब पडू शकतं. एबीएस नसलेल्या गाडीत चाक लॉक झालं की स्टिअरिंग मेलेलं वाटतं. पाय पूर्ण उचलू नका, चाक परत फिरेपर्यंतच सैल करा आणि पुन्हा दाबा.

ब्रेक सोडणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पाय झटक्यात उचलला तर नाक वर येतं आणि नेमकं वळवताना पुढचे टायर हलके होतात. उलट अर्ध्या वळणापर्यंत ब्रेक ओढत नेला तर मागचे टायर हलके राहून सुटतात. कोरड्यात कॉर्नरच्या आतपर्यंत ब्रेक नेण्याची कला शिकलेल्यांनी ओल्यात तिचा एक चतुर्थांश भागच वापरावा.

गिअर उतरवताना रेस जुळवा. या गाड्यांत इंजिनचा ब्रेक फक्त पुढच्या चाकांवर लागतो. दुसरा गिअर टाकून क्लच एकदम सोडला की पुढची चाकं क्षणभर घसटतात आणि तेवढ्यात गाडी वळायची थांबते. जमत असेल तिथे गिअर उशिरा उतरवा, आणि कोरड्यात दुसऱ्यात घेता तो कॉर्नर तिसऱ्यात घ्या. डाव्या पायाने ब्रेक मारण्याची सवय असलेल्यांनी आधी गाडी तपासावी. फोक्सवॅगनसह अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि रेस एकत्र दाबली की इंजिनची ताकद कापली जाते, आणि ते ओल्या कॉर्नरच्या मध्यावर कळणं बरं नाही.

वळण आणि हातातला भार

स्टिअरिंग हळू फिरवा. ओल्यात पुढचा टायर मर्यादेवर आला की स्टिअरिंगमधला भार निघून जातो, विहिरीतून पाणी ओढताना मध्येच दोर सैल पडावा तसा. गाडीकडून मिळणारी ही सर्वांत स्पष्ट सूचना. ती मिळताच नवा माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो. गाडी वळत नाही, तो आणखी फिरवतो, आणि मग वेग पडून टायरला पकड मिळते तेव्हा गाडी त्या जास्तीच्या कोनात उडी मारून आत घुसते. मागचे थंड टायर ती उडी सहन करत नाहीत. पहिली चूक नाकाची, पण भिंत गाठते ती शेपूट.

दोर सैल पडला की स्टिअरिंग थोडं सरळ करा, रेस किंचित सोडा, वाट पाहा. अर्धा सेकंद पुरतो. भार परत आला की वळवणं पुढे चालू. कॉर्नरच्या मध्यावर रेस अगदी हलकी पण सतत ठेवा, म्हणजे मागच्या चाकांवर वजन राहतं. घाबरून पाय पूर्ण उचलणं ही फ्रंट-व्हील ड्राइव्हमधली ओल्यातली सर्वांत महागडी चूक आहे.

मागचा भाग निघालाच तर नजर जायच्या दिशेला, स्टिअरिंग त्या दिशेला, आणि रेस थोडी वाढवा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच केलं तर फिरकी वाढते, म्हणून तिथून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. रिकाम्या आणि मोठ्या जागी मुद्दाम सराव करा. गाडी अर्ध्याहून जास्त आडवी झाली की मात्र हट्ट सोडा: क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, म्हणजे गाडी ठरलेल्या रेषेत घसरत थांबते आणि मागून येणाऱ्याला तिचा अंदाज येतो.

बाहेर पडताना

साध्या डिफरन्शिअलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीत आतलं पुढचं चाक हलकं असतं आणि रेस दिली की तेच फिरतं. आरपीएम चढतो, वेग चढत नाही, नाक बाहेर जातं. यावर उपाय एकच: स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकीच रेस. चाक फिरलं तर पाय थोडाच मागे घ्या. वरचा गिअर ५०० ते ८०० आरपीएम आधी टाका. इथे मात्र पुढे इंजिन असण्याचा फायदा मिळतो: वजन ओढणाऱ्या चाकांवरच आहे, आणि जास्त ताकदीची मागच्या चाकांची गाडी अजून तोल सांभाळत असते तेव्हा तुम्ही सरळ निघून जाऊ शकता.

साचलेलं पाणी किंवा ओहोळ ओलांडताना चाकं सरळ, पाय जिथे आहे तिथे. ब्रेक नाही, रेस सोडणं नाही, गिअर नाही. स्टिअरिंग हलकं झालं तरी ते हलवू नका, कारण पाण्यातून बाहेर पडल्यावर टायर ज्या दिशेला असेल त्या दिशेला गाडी जाते.

पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात शिरू नका. अर्धी गाडी बाजूला राहा, म्हणजे ब्रेक दिवा दिसतो. दूरच्या पाट्या दिसत नाहीत, तेव्हा ट्रॅकच्या कडेची जवळची खूण धरा: डांबराचा जोड, कर्बची सुरुवात.

ट्रॅक वाळायला लागला की

पहिली वाळते ती नेहमीची लाइन, कारण गाड्या तिथूनच पाणी उडवतात. एक गडद पट्टा फिकट होताना दिसला की ब्रेकिंगपुरतं तिथे परत या, मग हळूहळू कॉर्नरही. पट्ट्याच्या कडेला ओल्यात एक चाक जाऊ देऊ नका. ब्रेक मारताना डावी-उजवी पकड वेगळी झाली की गाडी आडवी होते. ओल्याचे खास मऊ टायर असतील तर सरळ रस्त्यावर मुद्दाम पाण्यातून न्या, नाहीतर चार-पाच फेऱ्यांत त्यांच्या नक्षीचे कोपरे उडतात.

आणि आत या. ३३ वर भरलेला टायर वाळलेल्या ट्रॅकवर ३९-४० पर्यंत चढतो, मध्यावरच चालतो आणि पकड सोडतो. पिटमध्ये गरम असतानाच ३५-३६ वर उतरवा, चारही टायर सारखे. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावा. ओल्या, गरम डिस्कवर पॅड दाबून ठेवले तर पुढच्या सेशनमध्ये ब्रेक थरथरतो.